‘आमच्याविषयी’चं पान

गादी कारखान्यातले दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, हे वेबसाइटवालीला काम घेताना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिने काम घेतलंच असतं म्हणा. नोकरी सोडून स्वतःची कामं घ्यायला लागल्यापासून ‘नाही’ हा शब्द तिच्या तोंडून निघेनासाच झाला होता. एका दातांच्या डॉक्टरांची साइट, एका पोहण्याच्या तलावाची, एका नृत्यशाळेची, अशी कामं एकमेकांच्या पायात पाय घालून उभी असायची. ती आत्याच्या घरातल्या मागच्या खोलीत खिडकीशी टेबल लावून बसायची आणि पडद्यावरचे चौकोन इकडचे तिकडे सरकवायची.

“दिवसभर खोकी हलवतेस,” आत्या म्हणायची. “हमालालासुद्धा मध्ये पाठ टेकायला मिळते.”

आत्याचं सगळं आयुष्य टेलिफोनच्या कचेरीत गेलेलं. कानाला यंत्र लावायचं आणि लोकांच्या लाइनी जोडून द्यायच्या. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण दारावरची बेल वाजली तरी ती आतून “हॅलो” म्हणायची.

कारखाना एका गल्लीच्या टोकाला होता. पहिल्यांदा आत पाऊल टाकलं तेव्हा वेबसाइटवालीला वाटलं, आपण पाण्याखाली आलो. खाली एकच लांबलचक दालन. छपराला काचेची एक ओळ, आणि तिच्यातून तिरपं ऊन खाली उतरत होतं. त्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते. खाली यायची त्यांना मुळीच घाई नव्हती. कोपऱ्यात पिंजायचं यंत्र घुमत होतं, एकाच सुरात, झोपलेल्या मोठ्या जनावरासारखं. जमिनीवर इतका कापूस बसला होता की तिच्या चपलांचा आवाजच येईना.

“या ताई,” थोरले म्हणाले. रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस. भुवयांवर कापूस असा अडकलेला की म्हातारपण आधी भुवयांनाच आलंय असं वाटावं. “साइट कशी हवी ते एका वाक्यात सांगतो. झोपेसारखी हवी.”

“म्हणजे कशी, काका?”

थोरल्यांनी विचार केला. “म्हणजे माणूस आत कधी आला, ते त्याचं त्यालाच कळू नये.”

वेबसाइटवालीला हे फार आवडलं. गिऱ्हाइकं सहसा सांगायची, लोगो मोठा करा. हे असं कोणी बोललंच नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर तिथल्या तिथे एक फिकट पान उघडलं. त्यावर अक्षरं वरून अलगद येऊन बसत होती.

“छान. मग असंच करू,” ती म्हणाली.

“वर विचारून घ्या,” थोरले म्हणाले आणि पुन्हा यंत्राकडे वळले.

वर म्हणजे लाकडी जिन्याच्या वर. तिथे काचेच्या खोलीत धाकटे बसायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, टेबलावर कापसाचा एक तंतू नाही. तिने ‘काका’ म्हटल्याबरोबर त्यांनी हात वर केला. “काका खाली आहेत. मला सर म्हणा.” मग तिचं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “झोपेसारखी? मॅडम, गिऱ्हाईक झोपलं तर विकत कोण घेणार? साइट जागी पाहिजे. टक्क जागी. हे खालच्यांना सांगा.”

ती खाली आली. “सर म्हणताहेत, साइट जागी हवी.”

“वरच्यांना सांगा, जागरणाचं दुकान नाही आपलं.”

ती पुन्हा वर गेली.

जिन्याच्या पायथ्याशी थोरल्यांची बायको दाभणाने गादीला टाके घालत बसली होती. सगळे तिला वहिनी म्हणायचे. वेबसाइटवाली तिसऱ्यांदा खाली उतरली तेव्हा वहिनींनी दोरा दाताने तोडला आणि समाधानाने म्हणाल्या, “इतकी वर्षं हे निरोप मी पोचवायची. या जिन्यात माझे गुडघे गेले. तुम्ही आलात, फार बरं झालं.”

“बोलत नाहीत का ते एकमेकांशी?”

“सासूबाई गेल्या तेव्हापासून नाही.”

“कशावरून?”

“गादीवरून,” वहिनी म्हणाल्या, आणि दाभणात नवा दोरा ओवू लागल्या.

वेबसाइटवालीने मान डोलावली. गादीवरून भांडणं तिने बरीच ऐकली होती. आईच्या पश्चात धंदा कोणाच्या हाती, खुर्चीवर कोण, नाव कोणाचं. जिथे तिथे तेच. तिने पुढे विचारलं नाही.

काम सुरू झालं आणि लवकरच तिच्या नाकी नऊ आले. थोरले बोलून पाठवायचे. फोनवर त्यांचा संथ आवाज यायचा, मागे यंत्राची घरघर, आणि बोलता बोलता ते मधेच इतका वेळ थांबायचे की संपलं असं वाटून ती फोन खाली ठेवायची. मग शेवटचं वाक्य राहून जायचं. धाकटे लिहून पाठवायचे, ठळक अक्षरांत, प्रत्येक मुद्द्यापुढे उद्गारचिन्ह. थोरल्यांनी पान फिकं करून घेतलं की धाकटे गडद करायचे. धाकट्यांनी ‘आत्ताच मागवा’ असं मोठं बटण टाकलं की थोरले विचारायचे, “ताई, हे ओरडतंय कोण?” कराराच्या कागदावर तिने स्पष्ट लिहिलं होतं, बदल तीनदाच करून मिळतील. ते कलम दोघांनी वाचलं होतं. तिनेही वाचलं होतं. पण सांगायची वेळ आली की तिच्या तोंडून निघायचं, “बघते हं, करते काहीतरी.”

“तू मधे का बसतेस?” आत्याने विचारलं. ती पलीकडे शेंगा सोलत होती. “आमच्याकडे नियम होता. लाइन जोडून दिली की आपला कान काढून घ्यायचा.”

“अगं, पण ते जोडूनच घेत नाहीत ना. इकडून एक बोलतो, तिकडून दुसरा, आणि दोघंही माझ्याशीच.”

“मग तुला दोन्हीकडून पगार मिळायला हवा,” आत्या म्हणाली.

तरीही रंग, बटणं, फोटो हे सगळं कसंबसं मार्गी लागत होतं. गाडी अडली ती एका पानावर. ‘आमच्याविषयी’. सगळ्या साइटवर असतं तसं, आपण कोण, धंदा कोणी काढला, चार ओळी आणि एक फोटो. वेबसाइटवालीच्या लेखी हे सगळ्यांत सोपं पान. थोरल्यांनी मजकूर बोलून पाठवला आणि तिने तो उतरवून घेतला. ‘आमचा कारखाना आईने सुरू केला. तिने घालून दिलेल्या पद्धतीनेच आम्ही आजही काम करतो.’ तिने तो धाकट्यांना पाठवला. उत्तर लगेच आलं. दुसऱ्या वाक्याखाली लाल रेघ, आणि पुढे, ‘साफ खोटं! काढा!’

तिने थोरल्यांना फोन केला. पलीकडे यंत्राची घरघर चालू होती.

“राहू दे ते वाक्य,” थोरले म्हणाले.

वाक्य राहिलं. पुन्हा लाल रेघ आली. या वेळी धाकट्यांनी लिहिलं होतं, ‘त्यांना विचारा, आईचं म्हणून इथे काय शिल्लक ठेवलंय?’ हे थोरल्यांना कसं वाचून दाखवावं ते तिला कळेना, म्हणून तिने दोघांचे शेरे मसुद्यातच, पुढे ‘वरचे’, ‘खालचे’ असं लिहून ठेवले आणि तो त्यांना पाठवून दिला. त्यावर थोरल्यांचं उत्तर आलं, ‘हे छापायचं नाही, ताई.’ तेही तिने खाली उतरवून ठेवलं. आईचा फोटो मागितला तर थोरले म्हणाले, तो वर आहे. धाकटे म्हणाले, तो देता येणार नाही.

असे दिवसामागून दिवस गेले. बाकीची सगळी साइट तयार होऊन त्या एका पानासाठी थांबून राहिली होती, पाहुणे सगळे गाडीत बसलेत आणि एकाची चप्पल सापडत नाही तशी. डॉक्टर मागे लागले होते, तलाववाले मागे लागले होते. वेबसाइटवालीच्या डोक्यात दोघांचे आवाज आंघोळीच्या वेळीही चालू असायचे. डोळे मिटले की पापण्यांच्या आत फिकट आणि गडद असे चौकोन हलत राहायचे. झोप लागायची, पण ती वरवरची, दुधावरच्या पातळ सायीसारखी. जरा बोट लागलं की मोडायची.

अशा पेंगुळलेल्या डोळ्यांनी तिने एका सकाळी साइट पाहण्यापुरती वर चढवली आणि चूक करून बसली. ‘आमच्याविषयी’चं पान रिकामं ठेवायचं ठरलं होतं. त्याजागी तिने मसुदा चढवला. आणि तोही झाकून ठेवलेल्या पत्त्यावर नव्हे, तर कारखान्याच्या खऱ्या पत्त्यावर, जो धाकट्यांनी उत्साहाने आधीच सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना कळवून ठेवला होता.

तिला ते कळलं तेव्हा ती चहा पीत होती. वहिनींचा फोन आला. वहिनी कधी फोन करायच्या नाहीत.

“ताई, ते पान तुम्ही बघितलंत का?” आवाज असा की हसू दाबलंय की रडू, ते कळू नये. “आपल्याकडून गाद्या नेणाऱ्या वसतिगृहाच्या बाईंनी आत्ताच फोन करून मला वाचून दाखवलं. ‘साफ खोटं, काढा, वरचे. राहू दे, खालचे. हे छापायचं नाही, ताई.’ आणि छापलंय.”

वेबसाइटवालीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने पान आधी काढून टाकलं. तोवर थोरल्यांचे फोन येऊन गेले होते, धाकट्यांचे येत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं म्हणणं एकच होतं. ताबडतोब इकडे या.

बसमध्ये ती माफीची वाक्यं जुळवत राहिली. काम जाणार, हे तर उघडच होतं. त्याचं इतकं वाटत नव्हतं. पण तिच्या हातून त्या घराचं झाकलेलं काहीतरी भर रस्त्यात उघडं पडलं होतं, आणि ते नेमकं काय, हेही तिला माहीत नव्हतं.

कारखान्यात पोचली तर दालनात वहिनी एकट्याच. थोरले गाद्या पोचवायला गेले होते. धाकटे वर होते. काचेआड फोनवर कोणाला तरी समजावत होते, हात हवेत.

“बसा,” वहिनी म्हणाल्या. “येतीलच दोघं.”

“कुठे बसू?”

“गादीच्या कारखान्यात खुर्ची कशाला ठेवू आम्ही? बसा तिथेच.”

तिथे म्हणजे नुकत्याच भरलेल्या एका जोडगादीवर. वेबसाइटवाली अगदी कडेला, कामाच्या मुलाखतीला बसतात तशी बसली. पाठ ताठ, पिशवी मांडीवर. पण गादी काही तिचं ऐकेना. ती हळूहळू खाली जाऊ लागली, आधी कंबर, मग पाठ. यंत्र घुमत होतं. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात तंतू वर जात होते, खाली येत होते. तिने एकाच तंतूवर नजर ठेवली. तो तिच्या नाकासमोर आला, थबकला, जरा विचार केल्यासारखा फिरला. नुसती एकदा पाठ टेकते, ती मनाशी म्हणाली. ते ‘टेकते’ पूर्ण झालं की नाही, हे तिला पुढे कधी आठवलं नाही.

मग यंत्राचा आवाज थांबला. त्या शांततेनेच तिला खोलातून थोडं वर आणलं. पूर्ण वर नाही. झोपेच्या पाठीवर ती तरंगत होती, कान पाण्याबाहेर, बाकी सगळं आत.

“उठव तिला,” कोणीतरी कुजबुजलं.

“मी कशाला? तूच उठव.”

 दोन्ही आवाज तिच्या ओळखीचे होते. पण ते दोन एका ठिकाणी तिने कधी ऐकले नव्हते. त्यामुळे तिला वाटलं, हे स्वप्न आहे.

“तू बोलावलंस तिला.”

“आणि तू? सकाळपासून फोनवर फोन.”

“हळू बोल की.”

“हळूच बोलतोय. तुझे बूट वाजताहेत.”

लेस सोडल्याचा आवाज झाला. एक बूट ठेवला गेला, मग दुसरा, अगदी जपून, पाळण्याशेजारी ठेवावा तसा. दाभण गादीतून सरकन गेलं आणि दोरा लांब ओढला गेला. वहिनी टाके घालत होत्या.

“काय झोपलीय बघ, दादा. कानफटात मारली तरी कळायचं नाही.”

“किती दिवसांची जागी असेल कोण जाणे. त्या पानापायी.”

“पान माझ्यामुळे नाही अडलं.”

“मग कोणामुळे?”

“तू खोटं लिहिलंस म्हणून अडलं. आईची पद्धत म्हणे.” कुजबुज जरा चढली, मग स्वतःच खाली आली. “तिची गादी तू आठवड्याच्या आत उसवलीस. मी प्रवासातून परत आलो तर पलंगावर नुसत्या पट्ट्या. कापूस पिंजला, नव्या खोळीत भरला, गेला. कोणाच्या घरी गेला तेसुद्धा तुला सांगता आलं नाही.”

गादी. वेबसाइटवालीच्या मनात कुठेतरी लांब एक दिवा लागला. म्हणजे गादी म्हणजे गादीच. तिला डोळे उघडावेसे वाटले. मग वाटलं, आपण डोळे उघडले तर हे दोघं पुन्हा एक वर आणि एक खाली होतील. ती तशीच पडून राहिली. हात इतका जड झाला होता की कानावर घ्यायचा म्हटलं तरी उचलला नसता.

“आईच दरवर्षी उसवायची,” थोरले म्हणाले. “कापूस बसू द्यायचा नाही, म्हणायची.”

“ती उसवायची. तिची होती.”

“हो.”

“मग?”

थोरले नेहमीसारखे थांबले. फोनवर असते तर तिने फोन ठेवला असता.

“त्यात खड्डा होता,” ते म्हणाले. “डाव्या कुशीचा. खांद्याचा खोल, कंबरेचा त्याहून खोल, आणि गुडघ्यांचा लहानसा, वर ओढून घ्यायची ना ती. मी सकाळी खोलीत जायचो आणि तो तसाच. वाटायचं, आत्ता उठून बाहेर गेलीय, येईल. रोज वाटायचं. रोज मग कळायचं की नाही. मला बघवेना रे तो.”

दाभण थांबलं होतं.

“मला तोच बघायचा होता,” धाकटे म्हणाले. “बाकी काही नको होतं मला.”

पुढे काय बोलले, बोलले की नाही, हे तिला सांगता यायचं नाही. कारण तिथून ती खरोखरच खाली गेली. स्वप्नात एक पांढरं पान होतं, जमिनीएवढं मोठं आणि मऊ, आणि ती त्यावरून अनवाणी चालत होती. पानाच्या मधोमध एक खड्डा होता, कुशीवर निजलेल्या माणसाच्या आकाराचा. ती अक्षरं मांडायची आणि अक्षरं घरंगळत जाऊन त्या खड्ड्यात निजायची. तिला राग आला नाही. ती कडेला बसून त्यांना निजताना पाहत राहिली. तिला कोणीच हाक मारत नव्हतं.

जाग आली तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. तिच्या अंगावर एक कोरी खोळ घातलेली होती. यंत्र बंदच होतं, म्हणजे त्यांनी अर्ध्या दिवसाचं काम तिच्या झोपेपायी थांबवलं होतं. धाकटे जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते, पायांत नुसते मोजे, आणि मोज्यांना सगळीकडे कापूस. थोरले त्यांच्या शेजारी जमिनीवर. दोघांचे डोळे लाल होते, ते कापसाने की कशाने, हे तिने विचारलं नाही.

ती धडपडत उठली. “काका, सर, मला माफ करा. चूक सर्वस्वी माझी. मी पान काढलंय. तुम्ही दुसऱ्या कोणाला काम दिलंत तर मी सगळं...”

“ते मागून,” थोरले म्हणाले. “आधी हे लिहून घ्या. आमच्याविषयी.”

तिने पिशवीतून लॅपटॉप काढला. केसांत कापूस, गालावर खोळीच्या शिवणीचा वळ, अशी ती त्या दोघांसमोर मांडी घालून बसली.

“आमचा कारखाना आईने सुरू केला,” थोरल्यांनी सांगितलं. “ती दरवर्षी गादी उसवून कापूस पुन्हा पिंजायची.”

“तुम्हीही आणा, आम्ही पिंजून देऊ,” धाकटे म्हणाले. “हे टाकाच. गिऱ्हाईक येईल.”

“टाका. आम्ही दोघं तिचे मुलगे. आमचं पटत नाही.”

“दादा, असं कोणी लिहितं का?”

“अख्ख्या गावाने सकाळी वाचलंय, बाळ्या. आता लपवतोस कोणापासून?”

“अरे पण धंद्याच्या साइटवर...”

“मग काय लिहू? आमचं फार प्रेम आहे?”

वहिनी फिस्सकन हसल्या. धाकटे मोज्यांवरचा कापूस वेचत बसले. “बरं,” ते शेवटी म्हणाले. “पण त्यापुढे लिहा, गाद्या चांगल्या होतात.”

वेबसाइटवालीने ते लिहिलं. आमचं पटत नाही. गाद्या चांगल्या होतात. तिने मागेपुढे एक शब्दही हलवला नाही.

मग धाकटे वर गेले आणि फोटो घेऊन आले. आजवर तो का दिला नाही, ते पाहिल्यावर कळलं. आईचा तेवढा एकच फोटो निघाला होता, आणि त्यात ती झोपलेली होती. याच दालनात, गाद्यांच्या थप्पीवर, डाव्या कुशीवर, गुडघे वर घेऊन, तोंड किंचित उघडं. धाकट्यांनी लहानपणी चोरून काढलेला.

“हा नाही हं,” थोरले म्हणाले. “कारखान्याची मालकीण काय झोपलेली दाखवायची?”

“मग कशी दाखवायची? पळताना?”

पुन्हा जुंपली. पण या वेळी ती उघडपणे, समोरासमोर, चांगल्या खणखणीत आवाजात. मधेच दोघंही सवयीने तिच्याकडे वळले. “ताई, तुम्ही सांगा त्यांना.” “मॅडम, यांना समजावा.”

वेबसाइटवालीने लॅपटॉप मिटला. इतकी गाढ झोप तिला कितीतरी महिन्यांत मिळाली नव्हती. कदाचित त्यामुळेच असेल, पण जे आजवर घशात अडकायचं ते सरळ बाहेर आलं.

“नाही,” ती म्हणाली. “मी सांगणार नाही. यापुढे बदल हवा असेल तर आधी एकमेकांना सांगा. दोघांचं एक ठरलं की मला सांगा, मी करीन. ठरलं नाही तर नाही करणार. आणि रंग मी ठरवणार. वरही नाही विचारणार, खालीही नाही.”

दोघं तिच्याकडे पाहत राहिले. तिला वाटलं, संपलं. एवढं होऊनही काम राहिलं होतं, ते आपण आपल्याच तोंडाने घालवलं.

“चालेल,” थोरले म्हणाले.

“कोणता रंग पण?” धाकट्यांनी विचारलं.

“बघाल.”

रंग तिला शोधावा लागलाच नाही. समोरच्या भिंतीवर होता. कलतं ऊन, कापसातून गाळून आलेलं, पिवळं म्हणावं तर पिवळं नाही, पांढरं म्हणावं तर पांढरं नाही. पुढचे काही दिवस ती मागच्या खोलीत त्याच रंगाच्या मागे होती. तो पडद्यावर यायचा आणि हातून निसटायचा. कधी फार गोड व्हायचा, कधी आजारी दिसायचा. या कामात मात्र तिला थकवा आला नाही. कोणाचाही फोन न येता नुसतं एका उन्हाशी झटायचं, यासाठीच तर तिने नोकरी सोडली होती. मधल्या काळात ते ती पार विसरून गेली होती. डॉक्टरांना तिने कळवलं की तुमचं काम महिनाअखेरीस होईल, त्याआधी नाही. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे. इतकं सोपं होतं ते. तिला थोडा रागच आला.

आत्या एकदा मागून येऊन पडद्यासमोर उभी राहिली. पानावर ते ऊन पसरलं होतं, आणि त्यात एक बाई झोपली होती.

“ही उठेल का गं?” आत्याने दबक्या आवाजात विचारलं.

“फोटो आहे, आत्या.”

“ते कळतंय मला,” आत्या म्हणाली, पण जाताना पाय न वाजवता गेली.

साइट चढवायच्या दिवशी वेबसाइटवाली मुद्दाम कारखान्यात गेली. थोरल्यांनी एकेक पान उघडून पाहिलं. नाक पडद्याला लागेल इतकं जवळून. फोटोच्या पानावर ते इतका वेळ थांबले की संगणक आपोआप झोपी गेला. धाकट्यांचं म्हणणं, बटण अजून थोडं मोठं हवं होतं. थोरले म्हणाले, नको. दोघं त्यावर बराच वेळ वाद घालत बसले आणि ती वहिनींशेजारी बसून दाभणात दोरा ओवून देत होती. बटण होतं तेवढंच राहिलं.

शेवटी फक्त ‘संपर्क’चं पान तपासायचं उरलं. कोणी तिथे निरोप लिहिला तर तो वर धाकट्यांच्या टेबलावर पोचायला हवा.

“मी लिहून बघतो,” थोरले म्हणाले. धाकटे वर जाऊन बसले. थोरल्यांनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहायला घेतलं. नावाच्या चौकटीत लिहिलं, ‘खालचे’. निरोपाच्या चौकटीत काय लिहावं यावर बराच विचार केला. मग लिहिलं, ‘चहा टाकलाय. येतोस का?’ आणि बटण दाबलं.

सगळे कान देऊन बसले. वर टिंग झालं. नंतर काहीच नाही. धाकटे वाचत असावेत.

“पोचला का रे?” थोरल्यांनी ओरडून विचारलं.

काचेचं दार उघडल्याचा आवाज आला. “पोचला!” धाकटे वरून म्हणाले. “पण चहा टाकलाय असं लिहिलंय, आणि वास तर येत नाही.”

“टाकतेय हो,” वहिनी म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.